तिसरा नमुना

विमल,

तुला एक निकाल द्यायचा राहिला. तो देण्यासाठी हे लिहीत आहे.

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. मीनल म्हणाली, "मामा, आईबद्दल काहीतरी लिहा ना. मुझे पढ़ने में टाइम लगेगा, पर मैं पढ़ूँगी." तुझ्या मुलीचे मराठी असे आहे, निम्मे तुझे, निम्मे शाळेचे. काय लिहायचे ते तिने सांगितले नाही. तुझा जन्म, तुझा संसार, धारच्या मुलींच्या शाळेत तू किती वर्षे रसायनशास्त्र शिकवलेस, हे ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांना ठाऊक आहे. मी त्यात भर घालणार नाही. मला आपले एक भांडण पुरे करायचे आहे. ते अर्धे राहिले. तू गेलीस म्हणून नव्हे. त्याआधीच मी ते अर्धे ठेवले होते.

सुरुवात तुझी होती. तीन वर्षांपूर्वी तुझ्या परसातला पेरू वाळला. खोड खणून काढताना मुळांखाली काळ्या प्लास्टिकची एक पिशवी निघाली. रोपवाटिकेत जिच्यात रोप वाढवतात ती. तीस वर्षांपूर्वी तो पेरू मीच लावला होता. पिशवी चिरून काढून टाकायची असते. मी चिरली आणि खड्ड्यातच राहू दिली. तू ती धुतलीस, वाळवलीस, चार घड्या घातल्यास आणि देवासला माझ्या पत्त्यावर पाठवलीस. सोबत चिठ्ठी होती: "दादा, तुझ्या कारखान्याचा माल. अजूनही पास आहे."

त्या कारखान्यात मी चौतीस वर्षे क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. पिशवीची जाडी मोजायची, जोड ओढून पाहायचा, पाणी भरून टांगायची, गळली नाही तर सही करायची. प्रत्येक लॉटमधून तीन नमुने. एक नमुना म्हणजे योगायोग, दोन म्हणजे शंका, तीन म्हणजे निकाल. हा नियम मला कोणी शिकवला नव्हता; मीच केला होता आणि माझ्या हाताखालच्यांना शिकवला होता. तुझी चिठ्ठी वाचल्यावर मी त्या जुन्या पिशवीचाही जोड ओढून पाहिला. पक्का होता. रविवारी अकरा वाजता तुझा नेहमीचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "माल चांगलाच होता."

"तेच तर रडणं आहे," तू म्हणालीस.

त्यानंतर तुझ्या स्वयंपाकघराची जी अवस्था झाली ती मी पाहिली आहे. मका तीन दिवस भिजत घातलेला, पाट्यावर वाटलेला, पंच्यातून गाळलेला. पाणी निवळले की पातेल्याच्या तळाशी बसलेला पांढरा थर. आई कुरडयांसाठी गव्हाचा चीक असाच काढत असे. तू मक्याचा चीक काढू लागलीस. त्यात पाणी, थोडे व्हिनेगर, थोडे ग्लिसरीन, सरकीवरच्या कापसाचा चुरा. मंद आचेवर शिजवायचे आणि पारदर्शक होऊ लागले की तेलाचा हात फिरवलेल्या परातीवर पसरून गच्चीवर उन्हात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो पापुद्रा सुटतो. त्याची पिशवी वळायची आणि आतून वितळलेल्या मेणाचा बोळा फिरवायचा, म्हणजे पाणी घातल्यावर लगेच बसत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे करावे असे मला वाटत नव्हते. मी तसे म्हणालोही. तू म्हणालीस, "सत्तरीतल्या बायका वाळवणंच घालतात, दादा. मीही तेच घालते."

ते खरे होते. उन्हाळ्यात आई गच्चीवर ओले धोतर अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घालत असे आणि राखणीला आपण दोघे. मी तेरा वर्षांचा, तू सात. पापडी अर्धी वाळली की तू ती अलगद सोलून डोळ्यांसमोर धरायचीस आणि त्यातून माझ्याकडे पाहायचीस. "दादा, तू पाण्यात आहेस." आईची चाहूल लागली की पापडी तोंडात. पुरावा मागे उरत नसे. मार मला बसे, कारण राखणदार मी. मला त्याचे दुःख नव्हते. हे मी तुला कधी सांगितले नाही. सांगण्यासारखे आहे असे आजपर्यंत वाटले नव्हते.

तुझी पहिली पिशवी पाहून मी जे म्हणालो ते तू नंतर सर्वांना सांगत फिरलीस. मी म्हणालो होतो, "ही पापडी आहे. पिशवी नव्हे." दुसरी उन्हाने तडकली. तिसरी श्रावणात चिकट होऊन माझ्या टेबलाच्या खणाला चिकटली. चौथी मुंग्यांनी नेली. मी फोनवर तसे कळवले, तर तू इतकी हसलीस की तुला खोकला लागला. "मुंग्यांनी पास केली रे. आता तुझंच राहिलंय."

तू हसत होतीस, पण तुला काय हवे होते ते मला कळत होते. तुला माझी सही हवी होती. चौतीस वर्षे मी न कुजणाऱ्या पिशव्यांवर सह्या केल्या. कुजणाऱ्या एका पिशवीवर एक सही करावी, एवढेच तुझे मागणे होते. तू ते कधी या शब्दांत मागितले नाहीस. मागितले असतेस तरी मी नमुनेच मागितले असते.

नंतर कुक्षीचा राधेश्याम आला. म्हणजे आपणच त्याच्याकडे गेलो. धारहून सकाळची बस धरली. तुझ्या मांडीवर जुन्या साडीत गुंडाळलेल्या बारा पिशव्या होत्या आणि वाटेत कोणी शेजारी बसू लागले की तू त्यांच्यावर हात ठेवत होतीस. राधेश्यामची पपईच्या रोपांची वाटिका. खाली डही गावापर्यंतचे शेतकरी त्याच्याकडून रोपे नेतात. तुझ्या पिशव्यांत त्याने आधीच रोपे वाढवून पाहिली होती. चाळीस दिवस पाणी घालून त्या टिकल्या होत्या. रोप पिशवीसकट खड्ड्यात ठेवायचे, चिरायचे नाही, उपटायचे नाही, मुळे दुखवायची नाहीत, हे त्याला पटले होते. त्याची अडचण वेगळी होती.

"बेनजी, थैली तो बढ़िया है. पण जमीन में जाके गलेगी कि नी, ये कोई लिख के दे. किसान मेरा गला पकड़ेगा, आपका नी."

"मी रसायनशास्त्र शिकवलंय चाळीस वर्षं," तू म्हणालीस, आणि मग तेच त्याला हिंदीत सांगितलेस.

"वो ठीक है बेनजी. पण आप तो बनाने वाली हो. बनाने वाला तो अच्छी ही बोलेगा." मग त्याने माझ्याकडे पाहिले. "ये भिया कौन हैं? ये तो कंपनी में जाँच का ही काम करते थे ना? ये लिख दें. मैं जाड़े की सारी पपई इसी में लगा दूँ."

तू माझ्याकडे पाहिले नाहीस. साडीची गाठ बांधत राहिलीस. मी म्हणालो, "जाँच करके लिखूँगा." राधेश्याम म्हणाला, "हाँ तो करो भिया, कौन रोके है."

परतताना वाटिकेच्या कुंपणाशी चिरलेल्या काळ्या पिशव्यांचा ढीग होता. मी त्यातली एक उचलून जोड ओढून पाहिला. सवय. मान वर केली तेव्हा तू पाहत होतीस. तू काही बोलली नाहीस. बसमध्येही नाही. त्या दिवशी तू बोलली असतीस तर मला बरे वाटले असते.

पहिला नमुना मी माझ्या देवासच्या अंगणात, कढीपत्त्याच्या झाडाजवळ पुरला. वीतभर खोल, खुणेला वर वीट. मुदत साठ दिवस. पावसाळा होता, माती ओली होती. दर रविवारी अकराला तू विचारायचीस, "निकाल?" मी म्हणायचो, "दिवस व्हायचेत." साठावा दिवस दसऱ्यानंतर आला. मी वीट बाजूला करून उकरले. काही मिळाले नाही. वीतभर आणखी खाली गेलो. चारी बाजूंना हातभर उकरले. काळी माती, दोन गांडुळे, कढीपत्त्याची मुळे. पिशवीचा पापुद्राही नाही.

विमल, त्या वेळी मला कळायला हवे होते. तुझी पिशवी गेली होती. पण झाडणाऱ्या बाईने मध्यंतरी ती वीट उचलून पुन्हा ठेवली होती आणि नेमकी जागा तीच की हातभर इकडे, हे मला छातीठोक सांगता येईना. जो माल माझ्या हातात नाही त्यावर मी कधी शेरा लिहिला नव्हता.

त्या रविवारचे बोलणे मला शब्दशः आठवते.

"पुन्हा करावं लागेल," मी म्हणालो.

"का? राहिली का?"

"नाही. सापडली नाही."

"म्हणजे गेली."

"गेली की हरवली, हे सांगता येत नाही."

 तू म्हणालीस, "दादा, यार, नाहीशी व्हायलाच तर बनवली होती. आता ती नाही म्हणून तू तिला नापास करतोस?"

"नापास म्हटलेलं नाही. पुन्हा करू म्हटलं."

"तुला हातात धरायला काहीतरी उरलेलंच हवं. उरलं तरच तुला ते खरं वाटतं."

मी फोन ठेवला. पुढचे तीन रविवार फोन आला नाही. मीही केला नाही. त्या तीन रविवारी घरात मराठीचा एक शब्द उच्चारला गेला नाही. मुलगा परगावी, नातू फोनवर "दादाजी, कैसे हो" विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो एवढेच. तेव्हा मला वाटले होते, एकटेपण म्हणजे हेच. तो माझा अंदाज चुकला.

चौथ्या रविवारी फोनऐवजी पुडके आले. तीन पिशव्या. चिठ्ठीवर फक्त एवढे: "तुझे तीन. मोज."

या वेळी मी चूक होऊ दिली नाही. तारेच्या बारीक जाळीची तीन पाकिटे शिवली, प्रत्येकात एक पिशवी घातली, पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने क्रमांक कोरून आत ठेवला आणि कढीपत्त्याजवळच एका ओळीत, वर विटा ठेवून पुरली. थंडीत माती कोरडी पडते म्हणून एक दिवसाआड तांब्याभर पाणी. तू पुन्हा फोन करू लागलीस, जणू मध्ये काही झालेच नव्हते. एका रविवारी सहज सांगितलेस की राधेश्यामने हिवाळ्याची पपई काळ्या पिशव्यांत लावली. वाट पाहून पाहून लावली. "त्याचंही बरोबर आहे," तू म्हणालीस. तुझ्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधला.

पाचव्या आठवड्यानंतर तू एकदा म्हणालीस, "दादा, एक तरी उघड ना. नुसतं बघ. लिहू नकोस."

मी म्हणालो, "मुदतीआधी उकरायचं नाही."

"मी काही तुझा माल घेऊन पळून जात नाहीये."

"नियम आहे."

"बरं बाबा," तू म्हणालीस. "नियम आहे."

मग तू विचारलेस की माझ्या अंगणात आता ऊन किती वाजेपर्यंत असते. मी सांगितले, तीनपर्यंत. तू म्हणालीस, बस उन्हात थोडा. तेवढेच. त्यानंतर आणखी एक रविवार झाला. त्यात तू तुझ्या गुडघ्याचे बोललीस. पुढचा रविवार आला नाही. गुरुवारी सकाळी मीनलचा फोन आला. झोपेतच, म्हणाली. एक्कावन्नावा दिवस होता. नऊ दिवस कमी होते.

धारला मी काय पाहिले ते लिहीत नाही. दहाव्याचे तेवढे लिहितो, कारण तो आपल्या भांडणाचा भाग आहे.

तळ्याच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दोन समोरच्या पिंपळावर बसले होते. खाली येत नव्हते. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला." मीनल पुढे झाली. "आई, मी घर विकणार नाही." कावळे बसलेलेच. जावई म्हणाले, मीनलला जपेन. शाळेतली तुझी एक जुनी सोबतीण म्हणाली, गच्चीवरच्या कुंड्यांना मी पाणी घालेन. काही नाही. ऊन चढले. सगळे हळूहळू माझ्याकडे पाहू लागले. थोरला भाऊ मी.

मला ठाऊक होते काय बोलायचे ते. "तुझी पिशवी पास आहे," एवढे तीन-चार शब्द. पण मुदत नुकतीच भरली होती आणि नमुने देवासला मातीत होते. न पाहिलेल्या मालावर, तुझ्या पिंडासमोरदेखील, मला तसे म्हणवेना. ही माझी थोरवी नव्हे. हा माझा दोष आहे आणि तो आता सुधारण्यासारखा राहिलेला नाही. मी पुढे झालो आणि हळू म्हणालो, "जाऊन उकरतो. कळवतो."

कावळा आला. तो माझ्या बोलण्यावर आला की आधीच निघाला होता, हे मी सांगू शकत नाही. एकच नमुना होता.

तेरावे झाल्यावर देवासला परतलो. कुलूप काढले, सामान खाली ठेवले, हातपाय धुतले आणि खुरपे घेऊन अंगणात गेलो.

पहिले पाकीट. जाळी शाबूत. आत एक क्रमांकाचा पत्रा, माती आणि नखाएवढा मेणाचा एक कण. पिशवी नाही. जागा चुकलेली नाही, वीट हललेली नाही, जाळी फाटलेली नाही.

दुसरे पाकीट. पत्रा. माती. मेणही नाही. जाळीच्या भोकांतून कढीपत्त्याची पांढरी मुळे आत शिरली होती आणि जिथे तुझी पिशवी होती तिथे त्यांचा गुंता झाला होता. मी ती सोडवू लागलो आणि थांबलो. तसेच पाकीट पुन्हा मातीत ठेवले.

तिसऱ्यापाशी खुरपे टेकवले. वरची माती थोडी हलवलीही. मग ती पुन्हा दाबली, तांब्याभर पाणी घातले आणि घरात आलो.

विमल, सांगणे कठीण आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तिसरा उकरला असता तर मी नियमाप्रमाणे निकाल दिला असता. कोणालाही दिला असता तसा. तू कोणीही नव्हतीस. तुला नमुन्यांवाचून सही हवी होती, ती मी तुला जिवंतपणी दिली नाही. आता देतो आहे. उशीर झाला, हे लिहून ठेवतो.

संध्याकाळी राधेश्यामला फोन केला. तू गेल्याचे त्याला ठाऊक नव्हते. ते मी सांगितले. मग म्हणाला, "भिया, आप लिख दो तो मैं तो रख लूँ. पण बेनजी नी रही, तो थैली बनावेगा कौन?"  याचे उत्तर मीनलने दिले, म्हणजे देऊ पाहते आहे. तुझी वही तिच्याकडे आहे. चीक किती, ग्लिसरीन किती, कोणत्या महिन्यात किती ऊन, सगळे तुझ्या बारीक मराठी अक्षरात. तिला ते लागत नाही. एका पानाला अर्धा तास, म्हणाली, और फिर भी समझ में नहीं आता. मी सांगितले, पानांचे फोटो पाठव, मी वाचून दाखवतो. पहिल्या खेपेला तिचा पापुद्रा परातीला घट्ट चिकटला. तेलाचा हात फिरवायचा राहिला होता. वहीत ते नाही. तुझ्या हाताला ते ठाऊक होते, म्हणून तू लिहिले नसशील. पुढे काय होईल ते मी सांगत नाही. तू म्हणशील, याला विचारायचंच कशाला, हा नमुने मागेल.

काल जुन्या पद्धतीने अहवाल तयार केला. कोरा कागद, पट्टीने आखलेले रकाने. मालाचे वर्णन: मक्याच्या पिठूळ चिकाची रोपपिशवी, कापसाचा चुरा मिसळलेली, आतून मेण. तयार करणारी: तुझे नाव, पूर्ण. नमुना एक: साठ दिवसांनंतर अवशेष नाही, नखाएवढे मेण. नमुना दोन: अवशेष नाही, मुळे आत आढळली. नमुना तीनच्या रकान्यात बराच वेळ काही लिहिता आले नाही. शेवटी लिहिले: उकरला नाही. मालावर विश्वास आहे. त्याखाली निष्कर्ष आणि सही.

एक प्रत कुक्षीला पाठवली. एक मीनलला. तिसरी ठेवली आहे.

आज रविवार. अकरा वाजता, उन्हात, तुझ्या सांगण्याप्रमाणे, अंगणात खुर्ची टाकून बसलो. फोन शेजारी होता. का ठेवला ते विचारू नकोस. अहवाल पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला, मराठीत, सावकाश, तुला लिहून घ्यायचे असल्यासारखा. मग निष्कर्षापाशी आलो. तिथे एकच शब्द आहे: पास. तो दोनदा वाचला.